गोलातली दुसरी रेघ

वकील सुंदरराव भर उन्हात आष्टीहून मोटारसायकलवर आले आणि ओसरीवर टेकले न टेकले तोच त्यांनी पिशवीतून कागद काढले. तेवढ्यावरून चतुराबाईनं ओळखलं, की काम कुठंतरी अडलंय. वकील खुशीत असले की आधी गावातल्या चार माणसांची चौकशी करायचे, चहा गोड झालाय म्हणून कुरकुरत दोन कप प्यायचे. आज त्यांनी कपाकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाई म्हंत्यात का?" तिच्या नवऱ्यानं, बंकटनं विचारलं. गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झाल्यापासून तो ओसरीवरही खुर्चीत बसायचा. आज मात्र तो वकिलांसमोर सतरंजीवर मांडी घालून बसला होता.

"अजून नाही म्हणाले नाहीत. पण विचारणा आलीय दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसातून. चिन्ह फार साधं आहे, म्हणतात. एक गोल आणि त्याच्या पोटात एक उभी रेघ. यात काढणाऱ्याची स्वतःची अशी कल्पना कोणती, ते दाखवा. कॉपीराइट कलाकृतीला मिळतो चेअरमन, नुसत्या गोलाला मिळत नाही. आणि वरून तुमच्या भावानं हरकत घेतलीय. गोल आणि रेघ काय कुणाच्या बापाची नसते, असं त्यानं लिहून दिलंय."

"बापाचीच हाय," बंकट म्हणाला. "म्हाळूबाबाची हाय. तालुक्याला ठावं हाय."

सुंदररावांनी घाईघाईनं हात वर केला. "हे मात्र चुकूनसुद्धा बोलू नका. बापाची म्हणालात की अर्ज मेला. मग ती पूर्वीपासून चालत आलेली खूण झाली. आपण काय म्हटलंय? हे चित्र चतुराबाईंनी स्वतःच्या कल्पनेनं काढलं आणि संस्थेला दिलं. तेवढ्यावरच सगळं उभं आहे."

चतुराबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. आपल्यावर काहीतरी उभं आहे हे तिला दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं गेलं होतं. पण तेव्हा ते इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं.

खरं पाहता त्या खुणेत लपवण्यासारखं काही नव्हतं. सासऱ्याचं, म्हाळूबाबाचं, मेंढरांचं खांड डोंगरापलीकडं चरायला जायचं तेव्हा प्रत्येक मेंढीच्या पाठीवर गेरूची खूण असायची. पितळी पेल्याचं तोंड गेरूत बुडवून पाठीवर दाबलं की गोल उठायचा, आणि मग बोटानं आत एक उभी रेघ. लग्न होऊन आल्यावर हे काम चतुराबाईकडं आलं, कारण तिचं बोट थरथरत नसे. पुढं बंकटनं गावात म्हाळूबाबा दूध संस्था काढली. पहिल्या कॅनवर काय रंगवायचं असा प्रश्न आला, तेव्हा तिनं लाल ऑइलपेंट घेतला आणि हाताला सवयीची होती ती खूण काढली. नगरच्या छापखान्यानं तीच तुपाच्या डब्यावर छापली. आष्टीच्या आणि कड्याच्या बाजारात ज्यांना अक्षर लागत नव्हतं ती माणसंही 'रेघेचं तूप द्या' म्हणून मागू लागली.

भांडण आश्रुबापासून सुरू झालं. आश्रुबा बंकटचा धाकटा भाऊ. सासू बाळंतपणातच गेलेली, त्यामुळं नवी नवरी म्हणून आलेल्या चतुराबाईनं माप ओलांडलं आणि आठवड्याभरात तिच्या मांडीवर हे रडकं पोर आलं. स्वतःची लेकरं नंतर झाली. गेल्या वर्षी दोघा भावांत जमिनीची वाटणी झाली. मग पाणी आटलं, चारा संपला, गावोगावची जनावरं सरकारी चारा छावणीवर गेली. आश्रुबानं छावणीशेजारी स्वतःचं दूध संकलन केंद्र मांडलं, संस्थेचे काही गवळी त्याच्याकडं गेले, आणि त्याच्या कॅनवर तोच गोल आला. फरक एवढाच, की आत एका रेघेच्या जागी दोन रेघा होत्या.

बंकटनं ते कॅन पाहिले त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी वकिलाकडं गेला. कॉपीराइटचा कागद हातात आला की नक्कल करणाऱ्याचे कॅन पोलीस उचलून नेतात, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. कॅन गेले की केंद्र गेलं, आणि या दुष्काळात केंद्र गेलं की आश्रुबा कोयता घेऊन ऊस तोडायला जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. आणि तो कागद यायचा होता चतुराबाईच्या शब्दावर.

"काकू, इकडं बसा," सुंदरराव म्हणाले. "आता मला नीट सांगा. हा गोल काढला तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

"पेला व्हता."

"पेला नको. समजा, सूर्य होता. दुष्काळी भागातला तळपता सूर्य. आणि ही रेघ म्हणजे दुधाची धार. सूर्यातून दुधाची धार निघते, अशी कल्पना. कशी वाटते?"

"सूर्यातनं दूध?" चतुराबाई म्हणाली. "नासंल की."

आतल्या बाजेवरून साखराबाई हसली. साखराबाई म्हाळूबाबाची बहीण, म्हणजे या भावांची आत्या. नवरा गेल्यापासून माहेरीच राहिलेली. तिला कानानं कमी ऐकू येतं अशी समजूत होती, पण ती समजूत तिनंच पसरवली होती.

"हसण्यावारी नेऊ नका," सुंदरराव म्हणाले. "फार थोर कला लागत नाही. एवढीशी स्वतःची निवड दाखवली तरी पुरतं. रेघ उभीच का, आडवी का नाही? मधोमधच का? काकूंनी विचार करून ठरवलं, असं शपथेवर सांगितलं, की माझं काम सोपं होतं. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. आज सही झाली पाहिजे."

"ती करंल सही," बंकट म्हणाला.

"अवो, पर शपथंवर," चतुराबाई म्हणाली. "म्या कुठं इचार केला व्हता? हात फिरला तसा फिरला."

"मग हात तुझाच व्हता का न्हाई?"

"हात माझाच."

"तर मग झालं. ह्यात खोटं काय?"

बंकटचं बोलणं असंच असायचं, एकेक पायरी खरी आणि शेवटी माणूस भलत्याच खोलीत. पंचवीस वर्षं संस्था त्यानं याच बोलण्यावर चालवली होती. तिला त्याचा अभिमानही होता. आज मात्र भीती वाटत होती, कारण आपण सही करू, असं तिला वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात मागच्या दारी कडी वाजली आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "वैनी, भाकरी झाली का? लई भूक लागली."

आश्रुबा होता. भांडण लागल्यापासून तो समोरच्या दारानं आला नव्हता. पण बंकट घरी नसला की मागच्या दारानं यायचा, चुलीपुढं पाटावर बसायचा आणि जेवून जायचा. त्याची बायको बाळंतपणाला घाटनांदूरला गेली होती, हे निमित्त. बायको असतानाही तो यायचाच.

आश्रुबा आतून दारात आला, भावाला आणि वकिलाला पाहून जागीच थांबला.

"म्या बलावलंय त्याला," साखराबाईनं बाजेवरून सांगितलं. "त्याच्यावर बोलायचं तर त्याच्यासमोर बोला."

"आत्या, तुझं ह्यात काय काम हाय?" बंकट म्हणाला.

"माझ्या भावाची खूण हाय. काम कसं न्हाई?"

आश्रुबा भिंतीशी उभा राहिला. उन्हानं रापलेला, छातीशी बटण तुटलेला सदरा. मोठा झाला तरी चतुराबाईला त्याचं बटण आधी दिसायचं.

"बस की," ती म्हणाली.

"हितं न्हाई बसायचं," बंकट म्हणाला. "आदी त्यानं सांगावं, रेघ कुनाच्या परवानगीनं ओढली. माझ्या बाजारात माझी खूण घिऊन फिरतो. लोक त्याचं दूध संस्थेचं समजून घेत्यात. उद्या त्याच्या दुधात कायबी निगालं तर नाव म्हाळूबाबाचं जाईल. ह्या सालात संस्था बसली तर बाया कुठं दूध घालत्याल, सांग."

"म्या एक रेघ जादा ओढलीय, दादा. तुमची खूण न्हाई घेतली."

"नक्कल करून वर तोंड करतो बे?"

"नक्कल असती तर एकच ओढली असती."

सुंदररावांचे कान टवकारले. "हा मुद्दा त्यानं हरकतीतही घेतलाय," ते बंकटला म्हणाले. "आणि तो वाईट नाही. चिन्ह इतकं साधं असलं की थोडा फरकसुद्धा पुरतो. चार रंगांचा मोर-बिर असता तर गोष्ट वेगळी."

"आन् तुमचा तो दुसरा कागद? ट्रेडमार्क?"

"तो कायदा वेगळा. तिथं चिन्ह साधं असलं तरी चालतं, बाजारात ते तुमचं म्हणून ओळखतात का, एवढं बघतात. संस्थेनं तो अर्ज वेळेवर करायला हवा होता. आता केला तरी वर्षं लागतील. तुम्हाला घाई आहे म्हणून ही वाट धरली."

साखराबाई काठी टेकत ओसरीवर आली आणि वकिलांच्या समोर बसली. "वकीलसायेब, मेंढरांच्या खुनंचं कसं असतं ते तुमाला कुनी सांगितलंय का?"

"नाही, आत्याबाई."

"मग कावून भांडायला घेतलं? ऐका. दोन भाऊ येगळे झाले की खांड वाटत्यात. खूण थोरल्याची. धाकल्यालाबी तीच खूण, पन एक रेघ जादा. म्हंजी रानात लांबनं दिसलं तरी कळावं, ह्ये एकाच घरचं हाय, आन् ह्ये धाकल्याचं हाय. ती रेघ धाकल्यानं सोता ओढायची नसती. थोरल्याच्या बायकूनं ओढायची, त्याच्या म्होरल्या मेंढीवर. आन् एकदा ओढली की चूल येगळी. मग थोरल्यानं सोता बलावल्याबिगर त्याच्या चुलीम्होरं बसायचं न्हाई."

सुंदररावांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे म्हाळूबाबांची रेघ..."

"त्याला सटवाच्या बायकूनं दिली. सटवा आमचा थोरला. त्याची खूण मोकळा गोल. म्या तवा परकरात व्हते, गेरूची वाटी म्याच धरली व्हती."

"आत्याबाई, हे दिल्लीला कळलं तर तिथंच निकाल लागेल. गोल सटवाचा, रेघ त्याच्या बायकोची, आणि आता दुसरी रेघ आश्रुबाची. यात संस्थेचं नवीन काय आणि चतुराबाईंचं काय?"

"पन दिल्लीला कळवतंय कोन?" बंकट म्हणाला. तो चतुराबाईकडं बघत होता. "कागद द्या हिकडं. चतुरा, सही कर."

तिनं कागद घेतला. वकिलांनी बोटानं जागा दाखवली. वरच्या ओळी तिनं सावकाश वाचल्या. सदर चित्र मी माझ्या स्वतःच्या कल्पनेतून रेखाटले, असं तिथं लिहिलं होतं. बाजूला आश्रुबा उभा होता आणि तो एक शब्द बोलत नव्हता. त्यानं 'वैनी, नका करू' म्हटलं असतं तर तिला राग आला असता आणि रागाच्या भरात सही झाली असती.

"आश्रुबा," ती म्हणाली, "रेघ तू सोता कावून ओढलीस? म्या मेले व्हते का?"

त्यानं मान खाली घातली. "मागाया आलतो, वैनी. वाटनी झाली त्या दिवशी. मेंढरं तर कवाच इकलेली. मनलं, मेंढी न्हाई तर कॅनवर ओढून घिऊ. कॅन घिऊन आलतो. दादा दारात व्हते. म्हनले, चतुरा घरात न्हाई."

"म्या तर घरातच व्हते त्या दिवशी."

सुंदरराव कागदांची टोकं जुळवत बसले. चतुराबाईला तो दिवस आठवला. ती परसात शेळीला पाला घालत होती आणि दारात कोण आलं म्हणून तिनं विचारलं होतं, तर कुणी नाही, असं उत्तर मिळालं होतं.

"कावून परतवलं त्याला?" तिनं विचारलं.

"जाऊ दे ते."

"जाऊ कसं दिऊ? तुमी त्याला रेघ दिऊ दिली न्हाई, आन् त्यानं सोता ओढली तर चोर म्हंता. मला शपथंवर खोटं बोलाया लावता. कावून परतवलं?"

बंकटनं डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज सभेतला नव्हता. "रेघ ओढली की गेला असता तो. जमीन वाटली, कागदावर वाटली, त्याचं मला काय वाटलं न्हाई. पन ही रेघ ओढली की चूल तुटती. आई न्हाई, बा न्हाई. ह्यो यिऊन तुझ्याम्होरं बसायचा त्येवढंच ऱ्हायलं व्हतं."

"तुमाला ठावं हाय तो येतो ते?"

"न ठावं असाया काय झालं? म्हनून तर मी संस्थेत बसून ऱ्हातो उशिरापर्यंत. मी आलो तर तो उठंल पाटावरनं." मग तो आश्रुबाकडं न बघता म्हणाला, "आन् तू कॅनवर सोताच ओढलीस. आमाला न इचारता येगळा झालास. त्ये लागलं मला."

एवढं सगळं दिल्लीपर्यंत नेऊन, पोलिसांची वाट बघून, हा माणूस भावाला चुलीपुढं धरून ठेवत होता. आणि त्यापायी त्याच भावाला ऊसतोडीला लावायला निघाला होता. चतुराबाईला त्याचा असा राग आला, की क्षणभर त्याच्या अंगावर कागद फेकावेत असं वाटलं. आणि रडूही आलं.

"दादा, मला रेघ नको मग," आश्रुबा म्हणाला. "पुसून टाकतो. दुसरं कायतरी काढतो. कमळ काढतो, घागर काढतो."

"नको कसं?" साखराबाई म्हणाली. "मग तू कुनाचा? लांबनं कोन वळखंल?"

चतुराबाई उठली. सही न केलेला कागद तिनं वकिलांच्या पिशवीवर ठेवला. "आश्रुबा, गाडीला कॅन हाय ना? आन."

"वैनी, ऱ्हाऊ द्या."

"आन म्हनलं."

तो कॅन घेऊन आला. रिकामाच होता, सकाळचं दूध पोचवून तो तसाच आला होता. त्यावरचा गोल वाकडा होता, पण त्यातल्या दोन रेघा त्यानं जपून ओढल्या होत्या. चतुराबाईनं रॉकेलचा बोळा घेतला आणि दुसरी रेघ घासायला लागली. रंग सुकून घट्ट झाला होता. तिनं नखानं खरवडलं, पुन्हा बोळा फिरवला. बराच वेळ लागला आणि कुणी मदतीला आलं नाही. शेवटी गोलात एकच रेघ उरली.

तिनं कोपऱ्यातला संस्थेचा ऑइलपेंट उघडला. ब्रश होता, पण तिनं तो घेतला नाही, बोट बुडवलं.

"चतुरा," बंकट म्हणाला, "नको ओढू."

"मग तुमी सांगा दुसरं काय करू. अशानं त्यो धड घरातला न्हाई आन् धड भाइरचाबी न्हाई. आज ह्यो कागद, उद्या दुसरा आनाल. त्याला चोर म्हनून घरात ठेवन्यापरीस भाऊ म्हनून जाऊ द्या."

बंकटनं मान हलवली नाही, पण तो उठलाही नाही.

तिनं वरून खाली एका दमात रेघ ओढली. तिचं बोट अजून थरथरत नव्हतं. रेघ जिथं आधी होती अगदी तिथंच आली.

सुंदरराव वाकून बघत होते. "पण काकू, होती तशीच तर झाली."

"न्हाई," चतुराबाई म्हणाली. "आदी त्यानं घेतलेली व्हती. आता म्या दिलेली हाय."

वकिलांनी त्यावर वाद घातला नाही. कॉपीराइटचा अर्ज आपण मागं घेऊ, एवढं ते बंकटला हळूच म्हणाले. आणि दोघं भाऊ एका रेघेला नि दोन रेघांना मान्यता देत असतील तर ट्रेडमार्कचे दोन वेगळे अर्ज करता येतील, वेळ लागेल, पण भांडण राहणार नाही. बंकट हो म्हणाला, का नुसताच हुंकारला, ते कळलं नाही. गेलेले गवळी परत येणार नव्हते, आणि संस्था हा उन्हाळा काढेल का हे कुणालाच माहीत नव्हतं.

वकील गेल्यावर आश्रुबा चतुराबाईच्या पाया पडला, मग आत्याच्या. बंकटच्या पायांपाशी वाकला तेव्हा बंकटनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"बस, भाकरी वाढते," चतुराबाई म्हणाली. तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. चुलीपुढं त्याचा पाट मांडलेलाच होता.

आश्रुबा आतल्या पाटाकडं बघत उभा राहिला. "आता न्हाई, वैनी," तो म्हणाला. कॅन उचलून तो समोरच्या दारानं बाहेर पडला आणि पायरीवर चपला शोधू लागला. चपला मागच्या दारी राहिल्या होत्या.

चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. हे असंच होणार हे रेघ ओढताना तिला ठाऊक होतं. तरी ते इतक्या लवकर व्हावं याची तिची तयारी नव्हती.

बंकट उठला. तो आत गेला. माठावरचं झाकण निघाल्याचा आवाज आला. टँकर चार दिवसांनी आला होता आणि त्या पाण्यानं घरात कुणी तोंडही सढळ हातानं धुतलं नव्हतं. बंकट बाहेर आला तो काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन. दूरच्या पाहुण्याला देतात तसा तो त्यानं पायरीवर भावापुढं धरला.

"पाय धू," तो म्हणाला. "जेवायला बलावतोय तुला."

आश्रुबानं तांब्या घेतला. अर्ध्याच पाण्यानं पाय धुतले, उरलेलं भावाच्या हातात परत दिलं, आणि पहिल्यांदाच पाहुण्यासारखा समोरच्या दारानं आत आला.